आपोआप लागणारा ब्रेक आणि दोन प्रकारच्या चुका

रस्ता सरळ आहे, ऊन स्वच्छ आहे, पुढे चिटपाखरूही नाही. विजेवर चालणारी एक मोटार ताशी शंभर किलोमीटर वेगाने चालली आहे. एकाएकी ती आपण होऊन ब्रेक लावते. चालक दचकतो, मागून येणाऱ्याची तारांबळ उडते. दोन-चार क्षणांनी, काहीच घडले नाही अशा थाटात, गाडी पुन्हा वेग घेते.

अशा तक्रारी अमेरिकेत इतक्या वाढल्या की फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने टेस्ला कंपनीच्या सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांबाबत चौकशी सुरू केली. आधीच्या नऊ महिन्यांत ३५४ तक्रारी आल्या होत्या. एकाच प्रवासात असे अनेकदा घडते, असेही काहींनी लिहिले होते. त्याच महिन्यात होंडा कंपनीच्या सुमारे १७ लाख गाड्यांबाबतही अशीच चौकशी सुरू झाली. या दुसऱ्या गाड्यांमध्ये पेट्रोलवर चालणाऱ्याच बहुसंख्य होत्या. म्हणजे दोष विजेच्या मोटरचा नव्हता. लोकांनी या प्रकाराला 'भुताचा ब्रेक' असे नाव दिले.

हे भूत आले कुठून? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. ब्रेकवरचा पाय माणसाचाच असला पाहिजे, ही गोष्ट कशी टप्प्याटप्प्याने मागे पडली ते पाहावे लागेल.

पायाची जागा यंत्राने घेतली

पुढचा अडथळा यंत्राने ओळखावा ही कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्सने १९५९ साली कॅडिलॅक सायक्लोन नावाची एक नमुना मोटार प्रदर्शनात मांडली होती. तिच्या नाकाडावर दोन शंकू होते आणि त्यांत रडार बसवले होते. पुढे काही आढळले की दिवा लागे आणि आवाज होई. ब्रेक मात्र चालकानेच लावायचा होता. ही गाडी विक्रीला आलीच नाही.

ब्रेकच्या कामात इलेक्ट्रॉनिकीचा खराखुरा शिरकाव झाला तो १९७८ साली. बॉश कंपनीची चाके जाम होऊ न देणारी योजना त्या वर्षी मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आली. ओल्या रस्त्यावर चालकाने ब्रेक दाबून धरला तरी ही योजना सेकंदात अनेकदा दाब कमी-जास्त करते, त्यामुळे चाक घसरत नाही. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. यंत्राला चालकाने लावलेला ब्रेक सैल करण्याचीच मुभा होती. आपण होऊन लावण्याची नव्हती.

ती मुभा पुढे मिळाली. वळणावर गाडी भरकटू लागली तर एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणणारी योजना १९९५ साली बाजारात आली. १९९९ मध्ये पुढच्या गाडीशी रडारने अंतर राखणारी आणि गरजेपुरता हलका ब्रेक लावणारी मर्सिडीज आली. २००३ मध्ये जपानमध्ये होंडाने टक्कर अटळ दिसताच जोरात ब्रेक लावणारी गाडी विकायला काढली. २००८ मध्ये व्होल्वोने लेसरच्या मदतीने ताशी ३० किलोमीटरपेक्षा कमी वेगावर गाडी पूर्ण थांबवणारी योजना आणली.

या क्रमात एक महत्त्वाचा सांधा आहे. १९७८ आणि १९९५ च्या योजना गाडीच्या आतल्या गोष्टी मोजत होत्या: चाकाचे फिरणे, गाडीचे वळणे. हे मोजमाप नेमके असते. १९९९ नंतरच्या योजनांना बाहेरच्या जगाकडे पाहून अंदाज करावा लागला. मोजमापाच्या जागी अंदाज आला, आणि अंदाज म्हटला की तो दोन प्रकारे चुकू शकतो.

लांडगा आला रे आला

हे दोन प्रकार शिक्षकांना नवे नाहीत. लांडगा नसताना 'आला रे आला' म्हणून ओरडणे ही एक चूक. तिला आपण 'खोटी हाक' म्हणू. लांडगा आला असताना गप्प बसणे ही दुसरी. ती 'हुकलेली हाक'. गोष्टीतला मुलगा खोडसाळ होता, यंत्राच्या मनात कपट नसते. पण परिणाम तोच होतो. वारंवार खोट्या हाका आल्या की लोक ऐकणे सोडतात. गाडीचा मालक ती योजना बंदच करून टाकतो.

संख्याशास्त्रात या दोन चुकांचा रीतसर विचार १९३३ साली येर्झी नेमन आणि इगॉन पिअरसन यांनी मांडला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमान आहे की नुसती खळबळ, हे ठरवताना हाच प्रश्न जीवनमरणाचा झाला. १९५४ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी त्यातून संकेत ओळखण्याचा सिद्धान्त उभा केला. त्याचे सार साधे आहे. ठिपका किती ठळक असला की त्याला विमान म्हणायचे, याची एक रेषा आखावी लागते. रेषा खाली आणली की खोट्या हाका वाढतात. वर नेली की हुकलेल्या हाका वाढतात. रेषा सरकवून दोन्ही चुका एकदम कमी करता येत नाहीत. त्यासाठी डोळाच अधिक चांगला हवा.

मोटारीच्या बाबतीत यात आणखी एक अडचण आहे. ती एका गणिताने वर्गातही दाखवता येईल. समजा, गाडीचा संगणक सेकंदाला १० वेळा 'पुढे धोका आहे का?' असा निर्णय करतो. तासाला ३६,००० निर्णय झाले. समजा, तो इतका हुशार आहे की दहा लाखांत एकदाच खोटी हाक देतो. तरीही सुमारे २८ तासांच्या प्रवासात एक खोटा ब्रेक लागेल. रोज तासभर गाडी चालवणाऱ्याला हा अनुभव महिन्यातून एकदा येईल. खऱ्या आणीबाणीचा प्रसंग मात्र त्याच माणसावर वर्षानुवर्षांत एखादाच येतो. म्हणजे दहा लाखांत एकच चूक करणाऱ्या यंत्राचेही बहुतेक ब्रेक खोटेच निघतील! धोका दुर्मिळ असला की असे होते. दुर्मिळ रोगाच्या तपासणीतही हेच गणित डॉक्टरांना सतावते.

यावर उपाय सुचेल की एका निर्णयावर विसंबू नये, लागोपाठ पाच वेळा धोका दिसला तरच ब्रेक लावावा. पण त्यात अर्धा सेकंद जातो. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे गेलेली असते. शिवाय एखाद्या सावलीमुळे फसगत झाली असेल, तर ती सावली पाचही वेळा तिथेच असते. खोटी हाक टाळण्याची किंमत अशी अंतरात मोजावी लागते.

रडारला दिसते ते आणि दिसत नाही ते

रडारचा गुण असा की ते अंतर आणि वेग थेट मोजते. पुढची गाडी जवळ येत असेल तर परतलेल्या लहरीची कंप्रता वाढते. स्टेशनात येणाऱ्या आगगाडीच्या शिटीबाबत जे घडते तेच हे. धुके, अंधार, पाऊस यांचा रडारला फारसा त्रास नाही. पण गाडीतल्या जुन्या रडारना उंचीचे ज्ञान जवळपास नव्हते. रस्त्यावर उभा असलेला ट्रक आणि रस्त्यावरून आडवा गेलेला पूल या दोन्ही वस्तू स्थिर, दोन्ही धातूच्या, दोन्ही समोर. पत्र्याचा रिकामा डबासुद्धा रडारला फसवतो. शीतपेयाच्या फेकलेल्या डब्याचा खोलगट तळ गाडीकडे असला तर तो मोठ्या अडथळ्यासारखा भासू शकतो, हे उदाहरण २०१६ साली टेस्लाने स्वतःच दिले होते.

मग अभियंत्यांनी तोड काढली. मुळापासून स्थिर दिसणाऱ्या बऱ्याच वस्तूंकडे दुर्लक्ष करावे, असे यंत्राला शिकवण्यात आले. खोट्या हाका कमी झाल्या. हुकलेल्या हाकांचे काय झाले?

मे २०१६ मध्ये फ्लोरिडा राज्यात विलिस्टन गावाजवळ टेस्लाची एक गाडी ताशी सुमारे ११९ किलोमीटर वेगाने, यंत्राच्या साहाय्याने चालली होती. समोरून एक लांब मालट्रक रस्ता ओलांडत होता. त्याची पांढरी बाजू उजळ आकाशासमोर होती. ना चालकाने ब्रेक लावला, ना गाडीने. चालक मृत्युमुखी पडला. कॅमेऱ्याला ट्रक आकाशापासून वेगळा काढता आला नाही. रडारबद्दल कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले की रस्त्यावरच्या उंच फलकासारखे जे दिसते ते खोटे ब्रेक टाळण्यासाठी वगळले जाते. चौकशी मंडळानेही म्हटले की त्या गाडीतली योजना पुढच्या गाडीच्या मागच्या बाजूवर आदळणे टाळण्यासाठी होती. आडव्या ट्रकसाठी ती बनवलेलीच नव्हती.

एक चूक टाळण्याचा उपाय दुसऱ्या चुकीचे दार कसा उघडतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

एका डोळ्याने अंतर मोजणे

कॅमेऱ्याने गाडी चालवण्याचे प्रयोग जर्मनीत एर्न्स्ट डिकमन्स यांनी म्यूनिक येथील लष्करी विद्यापीठात सुरू केले. १९८७ साली त्यांची पाच टनांची व्हॅन रिकाम्या महामार्गावर ताशी ९६ किलोमीटरपर्यंत आपली आपण धावली. १९९५ मध्ये त्यांची गाडी म्यूनिकहून डेन्मार्कमधील ओडेन्सपर्यंत गेली. त्यातले सुमारे ९५ टक्के अंतर तिने यंत्राच्या भरवशावर कापले. पुढे १९९९ मध्ये जेरुसलेम येथे मोबिलाय ही कंपनी निघाली. एका साध्या कॅमेऱ्यावर आणि एका चिपवर हे काम भागवायचे, असा तिचा ध्यास होता.

एकाच कॅमेऱ्याने अंतर कळते कसे? पहिली युक्ती भूमितीची आहे. पुढच्या गाडीची चाके चित्रात क्षितिजाच्या जितकी खाली टेकलेली दिसतात तितकी ती गाडी जवळ. कॅमेऱ्याची उंची माहीत असली की समरूप त्रिकोणांवरून अंतर निघते. पण चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. साधारण १.२ मीटर उंचीवरच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात एका ठिपक्याची चूक झाली, तर ४५ मीटरवर सुमारे ५ टक्के आणि ९० मीटरवर सुमारे १० टक्के चूक होते. अंतर दुप्पट झाले की मीटरमधली चूक चौपट होते. रस्ता चढाचा असेल, गाडी खड्ड्यात हिंदकळली, तर क्षितिजही हलते.

दुसरी युक्ती अधिक सुंदर आहे. समोरच्या ट्रकची रुंदी चित्रात ४० ठिपके आहे आणि अर्ध्या सेकंदाने ती ४२ झाली. म्हणजे वाढ सेकंदाला ४ ठिपके. ४० ला ४ ने भागले की १० येतात. सुमारे दहा सेकंदांत आपण त्या ट्रकवर आदळू! ट्रक किती दूर आहे, किती मोठा आहे, आपला वेग काय आहे, यांपैकी काहीही माहीत असण्याची गरज नाही. माणूस ब्रेक लावताना याच वाढीचा उपयोग करतो, असा विचार डेव्हिड ली यांनी १९७६ साली मांडला. त्याच्याही आधी, १९५७ साली, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी आपल्या 'द ब्लॅक क्लाउड' या कादंबरीत हेच गणित वापरले होते. सूर्यमालेकडे येणारा काळा ढग महिनाभराच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांत किती मोठा झाला, यावरून तो कधी येऊन पोचेल हे शास्त्रज्ञ ठरवतात. हॉयल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू.

आता वरच्या गणितात एकाच ठिपक्याची चूक करून पाहा. रुंदी ४२ ऐवजी ४१ मोजली तर उत्तर २० सेकंद येते. ४३ मोजली तर जेमतेम ७. एका ठिपक्याच्या फरकाने 'अजून सावकाश' आणि 'आता सावध' यांच्यातले अंतर पुसले जाते. प्रत्यक्षात संगणक अनेक चित्रांची सरासरी घेतो आणि लाखो छायाचित्रांवरून शिकवलेली मज्जाजाल-आज्ञावली वापरतो. तरी पुलाची गडद सावली, तापलेल्या डांबरावरचे मृगजळ, उताराला लागलेला रस्ता अशा ठिकाणी शंका उरतेच.

मे २०२१ पासून टेस्लाने उत्तर अमेरिकेतल्या आपल्या दोन मॉडेलांमधून रडार काढून टाकले आणि केवळ कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली. रडार आणि कॅमेरा यांची साक्ष जुळली नाही तर विश्वास कोणावर ठेवायचा, हा प्रश्न त्यामागे होता आणि तो खराच अवघड आहे. सुरुवातीला सांगितलेल्या ३५४ तक्रारी याच्या पुढच्या नऊ महिन्यांतल्या आहेत. एका घटनेमागून दुसरी आली म्हणून पहिली तिचे कारण ठरत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. येथेही तेवढा संयम पाळावा. कारण ज्या होंडाच्या गाड्यांबाबत चौकशी झाली, त्यांत रडारही होते आणि कॅमेराही.

कधी कधी दोष डोळ्याचा नसून आतल्या निरोप्याचा असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेस्लाने नवी आज्ञावली काही निवडक मालकांच्या गाड्यांत बिनतारी मार्गाने पाठवली. काही गाड्यांत झोपेतून जागे होताना दोन चिपांमधला संवाद तुटला. चित्रे वाचणारी आज्ञावली अडखळत चालू लागली आणि आसपासच्या गाड्यांचे वेग उलट चिन्हाचे निघू लागले. त्यामुळे खोटे इशारे आले, खोटे ब्रेक लागले. दुरुस्त आज्ञावली दोन-तीन दिवसांत त्याच मार्गाने गेली. ११,७०४ गाड्यांची ती दुरुस्ती सरकारी दप्तरी नोंदली गेली.

विजेच्या गाडीचा वेगळेपणा

मग विजेच्या गाडीचे नाव यात पुन्हा पुन्हा का येते? एक कारण सरळ आहे: या नव्या गाड्यांमध्ये अशा योजना बहुधा सुरुवातीपासूनच असतात. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या विजेच्या मोटारींतही कॅमेरा आणि रडार आहे. दुसरे कारण ब्रेकचेच आहे. विजेच्या गाडीत अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट जनित्राचे काम करते, गाडीची गतिज ऊर्जा विद्युतघटात परत जाते आणि गाडी मंदावते. जास्त ब्रेक हवा असला की नेहमीचा तेलाच्या दाबाचा ब्रेक त्यात मिसळतो. हे मिसळणे आज्ञावलीच करते. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या प्रियस आणि तिच्या भावंडांच्या सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर एका ब्रेककडून दुसऱ्याकडे जाताना क्षणभर ब्रेक नाहीसा झाल्यासारखे वाटे. दोष चाकात नव्हता, आज्ञावलीतल्या हिशोबात होता.

तेव्हा 'ब्रेक बिघडला' एवढे म्हणून भागत नाही. पाहणाऱ्याने चूक केली, ठरवणाऱ्याने केली, की ब्रेक लावणाऱ्याने केली, हे वेगवेगळे विचारावे लागते.

किंमत कोण मोजतो?

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी शहरात उबर कंपनीची चालकविरहित प्रयोगाची गाडी ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने जात होती. सायकल हातात धरून एक स्त्री रस्ता ओलांडत होती. गाडीच्या यंत्रणेने तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी पाहिले होते. एवढा वेळ थांबायला पुरेसा होता. पण ही वस्तू काय आहे, याबद्दल यंत्राचे मत सारखे बदलत राहिले. कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर काही'. प्रत्येक वेळी मत बदलले की आधीची वाटचाल विसरली जाई, त्यामुळे ती कुठे चालली आहे हे कळेना. झेब्रा पट्ट्यांपासून दूर माणूस रस्ता ओलांडत असेल, ही शक्यता आज्ञावलीत धरलेलीच नव्हती. शेवटी १.२ सेकंद उरले असताना टक्कर होणार हे यंत्राला उमगले. तेव्हा आणखी एक नियम आड आला. खोटे ब्रेक टाळावेत म्हणून जोराची कृती एक सेकंद रोखून धरायची, असे मुद्दाम ठरवलेले होते. त्या मूळ व्होल्वो गाडीची स्वतःची ब्रेक योजनाही प्रयोगाच्या वेळी बंद ठेवलेली असे. आत बसलेल्या देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते. ती स्त्री दगावली.

तो एक सेकंद वेड्यासारखा ठरवलेला नव्हता. पण खोट्या ब्रेकचा त्रास गाडीत बसलेल्यांना आणि मागच्यांना होतो, तर हुकलेल्या ब्रेकची किंमत बहुधा रस्त्यावर चालणारा मोजतो. रेषा कुठे आखायची हे ठरवताना पहिल्यांची तक्रार ऐकू येते. दुसऱ्याची येत नाही.

म्हणून एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने जाहीर केलेला नियम पाहण्यासारखा आहे. आपोआप ब्रेक सर्व नव्या हलक्या गाड्यांत असावा, पादचारी दिवसा आणि रात्रीही ओळखावा, असे त्यात आहे. त्यासाठी सप्टेंबर २०२९ ची मुदत ठरवली गेली. त्याच नियमात उलट परीक्षाही आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यावर पोलादी पत्रा टाकलेला आहे. त्यावरून जाताना ब्रेक लागता कामा नये. दोन उभ्या गाड्यांच्या मधून जातानाही लागता कामा नये. म्हणजे ओरडायला हवे तेव्हा ओरडतो का, आणि गप्प बसायला हवे तेव्हा गप्प बसतो का, अशा दोन्ही बाजूंनी परीक्षा घ्यायची.

वर्गात हा विषय निघाला तर विद्यार्थी विचारतील, 'यंत्र चुकते, मग कशाला हवे?' त्यांना उलट विचारावे: कोणती चूक, किती वेळा, आणि तिचा भार कोणावर? यंत्र विकणाऱ्याने या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत द्यायला हवीत. आणि ते आकडे मागण्याचा हक्क गाडी विकत घेणाऱ्याला जितका आहे तितकाच, कधीही गाडी न घेता त्या रस्त्याने पायी जाणाऱ्यालाही आहे.